जांभळ्या डेलियाचं उलटं पंचांग

पाच वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी गच्चीवरची एक कुंडी उपडी केली. जानेवारीत तिच्यातल्या झाडाला गर्द वांगी रंगाची, फुलक्याएवढी दोन फुलं आली होती आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी गच्चीवर नेत होते. आता त्या कुंडीतून आंबूस वासाचा चिखल निघाला. कंदांची सालं तेवढी ओळखू येत होती, आतला गर पाणी होऊन गेला होता. डेलियावरच्या ज्या पुस्तकावर मी विसंबून होते त्यात स्पष्ट लिहिलं होतं की जिथे हिवाळ्यात जमीन गोठत नाही तिथे कंद उकरायची गरज नाही, ते जागेवरच राहू द्यावेत. पुण्यात जमीन गोठत नाही. मी कंद जागेवर राहू दिले होते.

पुस्तक इंग्लंडातल्या बागांसाठी लिहिलेलं होतं. तिथे डेलियाच्या कंदाचा वैरी थंडी. आपल्याकडे त्याचा वैरी आषाढ. एवढी गोष्ट कळायला मला एक चांगला वाण गमवावा लागला. मग या झाडाचं माहेर कुठलं आणि तिथे कुठल्या महिन्यात काय घडतं, हे मी शोधायला लागले. मोठा जांभळा डेलिया घरी फुलवण्याचं बरंचसं गणित मला तिथे सापडलं.

जगाचा नकाशा उघडून मुंबईवर बोट ठेवा आणि ते सरळ पश्चिमेला नेत राहा. अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून बोट मेक्सिकोत पोचतं, आणि मेक्सिको सिटी जवळपास त्याच रेषेवर सापडते. दोन्ही शहरं १९ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. म्हणजे दिवस किती तासांचा आणि रात्र किती तासांची, याचा वर्षभराचा हिशेब दोन्हीकडे सारखा. पाऊससुद्धा तिथे आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर. फरक आहे तो उंचीचा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच आहे. पुणं ५६० मीटर, आपलं महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. रानटी डेलिया मेक्सिकोच्या आणि मध्य अमेरिकेच्या डोंगराळ प्रदेशातला. पहिल्या पावसाबरोबर त्याचे कंद फुटतात, पावसाळ्यात झाड वाढतं आणि फुलतं, आणि कोरडा हिवाळा लागला की वरचा भाग वाळून कंद जमिनीत झोपी जातात. नाहुआत्ल भाषेत त्याला आकोकोत्ली म्हणत, म्हणजे पाण्याची नळी. पोकळ खोडावरून पडलेलं हे नाव.

मग तिथे पावसात फुलणारं झाड इथे पावसात कुजतं कसं? तिथला पावसाळा थंड आहे, रात्रीचं तापमान १२-१३ अंशांवर येतं, आणि उताराच्या जमिनीतून पाणी निघून जातं. आपल्याकडे आठ-आठ दिवस झड लागते, ढग हटत नाहीत, रात्रीही उकडतं आणि कुंडीतली माती ओली ती ओलीच. शिवाय माझ्या कुंडीतल्या कंदाला तेव्हा एकही पान नव्हतं. पानं असली तर झाड पाणी ओढून घेतं आणि हवेत सोडतं. बिनपानाचा कंद ओल्या मातीत नुसता पडून असतो, आणि बुरशीला तेवढं पुरतं.

थंड रात्री हव्यात आणि मुळाशी पाणी साचायला नको, या दोन अटी महाराष्ट्राच्या पठारावर एकत्र पुऱ्या होतात त्या फक्त हिवाळ्यात. म्हणून आपण या झाडाचं पंचांग उलटं फिरवतो. गणपतीच्या दिवसांत छाट कलमं करायची, नवरात्रापर्यंत रोपं मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात जायला हवीत, मार्गशीर्षात कळ्या दिसतात आणि संक्रांतीच्या आगेमागे फुलं. पुणं, नाशिक, नागपूर, सातारा इथे हे चांगलं जमतं. कोकणात आणि गोव्यात हिवाळ्यातल्या रात्रीही उबदार आणि दमट असतात, तिथे झाड जगतं पण फूल लहान राहतं. तिथल्या वाचकांनी मोठ्या वाणांच्या मागे न लागता छोट्या फुलांचे डेलिया लावावेत असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

उलट्या पंचांगाची एक किंमत मोजावी लागते, आणि ती आपल्या लेखांतून फारशी सांगितली जात नाही. डेलिया दिवसाची लांबी ओळखतो. दिवस बारा तासांपेक्षा लहान होऊ लागला की त्याला हिवाळ्याची, म्हणजे झोपेची, चाहूल लागते आणि पानांत तयार होणारी साखर तो कंदांकडे वळवतो. पुण्यात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. म्हणजे थंडी झाडाला सांगते की फूल, आणि दिवस सांगतो की झोप. या ओढाताणीत उशिरा लावलेली रोपं हरतात. नोव्हेंबरात लावलेलं रोप गुडघाभर वाढतं, कळी धरतं, पण फूल खुजं येतं आणि मध्ये पिवळा डोळा उघडा पडतो.

हा पिवळा डोळा म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. आपण ज्याला डेलियाचं एक फूल म्हणतो तो सूर्यफुलासारखा फुलांचा गुच्छ असतो. आपण ज्याला पाकळी म्हणतो ती प्रत्येक एक स्वतंत्र फूल, आणि मधल्या पिवळ्या चकतीतला प्रत्येक बारीक ठिपका हेही एक फूल. मोठ्या भरगच्च डेलियात मधली बहुतेक फुलंसुद्धा पाकळीचं रूप घेतात, म्हणून डोळा दिसत नाही. दिवस फार लहान झाले किंवा झाड थकलं की हे रूपांतर अर्धवट राहतं. खत घालून ते सुधारत नाही. त्यावर उपाय एकच, रोप सप्टेंबर अखेरीपर्यंत जागेवर लावायचं, म्हणजे दिवस बारा तासांच्या आसपास आहेत तोवर त्याचा सांगाडा उभा राहतो. परदेशात व्यापारासाठी फुलं पिकवणारे हरितगृहात दिवे लावून दिवस लांबवतात. घरच्या बागेत एवढं करायची गरज नाही.

आता रंगाकडे येते, कारण माझा जीव या झाडात अडकला तो रंगामुळे.

युरोपात पहिल्यांदा फुललेल्या डेलियांपैकी एक जांभळाच होता. मेक्सिकोतल्या वनस्पती उद्यानातून व्हिसेन्ते सेर्व्हान्तेस यांनी १७८९ साली बियाणं माद्रिदला पाठवलं. तिथल्या शाही उद्यानात आंतोनिओ होसे काव्हानियेस यांनी ती झाडं वाढवली आणि १७९१ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. दुपदरी, निळसर तांबड्या फुलाच्या त्या जातीला त्यांनी डेलिया पिनाटा म्हटलं. नाव दिलं स्वीडनच्या आंद्रेआस डाल या वनस्पतिशास्त्रज्ञाचं. डाल हे लिनियसचे शिष्य, आणि १७८९ मध्येच त्यांचं निधन झालं होतं. आपल्या नावाचं फूल त्यांनी पाहिलं नाही.

त्यानंतरच्या सव्वादोनशे वर्षांत डेलियाचे हजारो वाण झाले. पांढरे, पिवळे, शेंदरी, रक्तवर्णी, जवळजवळ काळे. निळा मात्र संकरातून कुणालाच मिळाला नाही. निळ्या फुलांत सहसा डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य असतं, आणि ते बनवण्याची यंत्रणाच डेलियाकडे नाही. त्याच्याकडे आहेत सायनिडिन आणि पेलार्गोनिडिन. पेलार्गोनिडिन शेंदरी-तांबड्याकडे झुकतं, सायनिडिन किरमिजी-जांभळ्याकडे. पाकळीच्या पेशीत सायनिडिनबरोबर दुसरी बिनरंगी द्रव्यं मिसळतात आणि त्याची छटा निळ्याच्या बाजूला सरकवतात. त्यातून तयार होतो तो जांभळा. म्हणून डेलियाचा जांभळा कधीही गोकर्णासारखा निळसर नसतो. त्याच्या पोटात लाल असतोच. सकाळच्या उन्हात तो वांग्यासारखा, ढगाळ दिवशी पिकल्या जांभळासारखा, आणि संध्याकाळी कडांना आमसुली दिसतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याला हा रंग नीट पकडता येत नाही, कधी तो निळा करतो, कधी गुलाबी. त्यामुळे फोटो पाहून कंद मागवणाऱ्यांची नेहमी निराशा होते.

मातीत तुरटी किंवा लोखंडाचे खिळे घालून रंग गडद होतो असं अनेक जण सांगतात. हायड्रेंजियाच्या बाबतीत मातीच्या आम्लतेने रंग खरोखर बदलतो, कारण त्याच्या रंगात ॲल्युमिनियमचा भाग असतो. डेलियाला ते लागू नाही, त्याचा रंग त्याच्या जनुकांत ठरलेला आहे. आपल्या हातात आहे ती रंगाची खोली, आणि तीसुद्धा थोडीफार. ही रंगद्रव्यं थंडीत जास्त बनतात आणि उष्णतेत लवकर विरतात. थंड रात्री पानांतली साखरही कमी खर्च होते, ती पाकळ्यांना मिळते. डिसेंबर-जानेवारीत उमललेलं फूल आणि त्याच झाडावर फेब्रुवारीच्या शेवटी उमललेलं फूल शेजारी ठेवलं तर दोन वेगळे वाण आहेत असं वाटतं. दुसऱ्याच्या कडा फिकट गुलाबी झालेल्या असतात. म्हणून जांभळ्या डेलियाला सकाळचं पाच-सहा तास थेट ऊन द्यावं आणि दुपारी तीननंतर सावली येईल अशी जागा शोधावी. कळी उघडू लागली की मी तिच्यावर पांढऱ्या मलमलीचा तुकडा चार काड्यांवर ताणून लावते.

वाणांबद्दल थोडं. ‘थॉमस ए. एडिसन’ नावाचा जांभळा डेलिया १९२९ सालापासून बागांत आहे. ज्यांचं नाव त्याला दिलं ते एडिसन तेव्हा हयात होते. रंग भरदार, राजवर्खी, पाकळ्या पसरट आणि रांगेत बसवल्यासारख्या, देठ ताठ. फूल सहा ते आठ इंच. स्पर्धेच्या भाषेत हे राक्षसी फूल नाही. अमेरिकन डेलिया सोसायटीच्या वर्गवारीत सर्वांत मोठा वर्ग दहा इंचांच्या पुढे सुरू होतो, त्याखाली आठ ते दहा इंचांचा. दहा इंचांचं फूल हवं असेल तर ‘एमोरी पॉल’सारखे वाण आहेत, पण त्यांची छटा गुलाबी जांभळी, आणि फूल इतकं जड की दव पडलं तरी देठ मान टाकतो. घरच्या बागेसाठी मी कधीही एडिसन निवडेन. आपल्याकडच्या हिवाळ्यात रुळलेल्या मोठ्या डेलियांची खरी परंपरा बंगालची. रामकृष्ण मिशनमधल्या स्वामी विनयानंदांनी तयार केलेले वाण देशभर पोचले आणि आपल्या रोपवाटिकांत मिळणाऱ्या मोठ्या डेलियांत ती नावं आजही दिसतात. रोपवाटिकेत गेलात तर जानेवारीत जा, फूल डोळ्यांनी पाहा, कुंडीवर खूण करून ठेवायला सांगा आणि पुढच्या हंगामात त्याच झाडाचं कलम मागा.

बी पेरून मात्र हा रंग मिळणार नाही. आपल्याकडे आणि बहुतेक प्राण्यांकडे गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेतल्या डेलियाकडे आठ संच असतात, एकूण ६४ गुणसूत्रं. बी तयार होताना त्यांची अशी सरमिसळ होते की एका जांभळ्या फुलाच्या वीस बियांतून वीस निराळी झाडं येऊ शकतात, आणि त्यांतली बरीचशी एकेरी फुलांची. नवे वाण जन्माला आले ते याच गुणामुळे. पण आहे तोच वाण हवा तर कंद किंवा छाट कलम हेच दोन मार्ग.

कंद घेताना एक गोष्ट नीट पाहायची, ती म्हणजे डोळा. बटाट्याच्या अंगभर डोळे असतात, म्हणून त्याचा कुठलाही तुकडा लावता येतो. डेलियाच्या कंदाला अंगावर एकही डोळा नसतो. डोळे असतात ते वर, जिथे कंद जुन्या खोडाला चिकटतो त्या मानेपाशी. कंद कितीही टपोरा असो, त्याची मान मोडलेली असेल किंवा खोडाचा तुकडा त्याच्यासोबत आलेला नसेल, तर तो मुळं धरेल पण कोंब कधीच देणार नाही. मी असे तीन कंद दोन महिने रोज बघत बसले होते. 

आपल्याकडे कंद थेट लावण्यापेक्षा कलम करणं जास्त भरवशाचं. ऑगस्टमध्ये कंदाला कोंब फुटले की ते तीन इंचांचे होऊ द्यायचे, धारदार स्वच्छ पात्याने पेराच्या खालून कापायचे, खालची पानं काढून धुतलेल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये खोचायचे. वर पावसाचं पाणी पडायला नको, पण उजेड हवा. पंधरा ते वीस दिवसांत मुळं धरतात. पातं दर झाडानंतर स्पिरिटने पुसायचं. डेलियाला मोझॅक नावाचा विषाणूजन्य रोग होतो, पानांच्या शिरांशेजारी फिकट पट्टे येतात, झाड ठेंगणं राहतं. त्याच्यावर औषध नाही. मावा तो पसरवतो, आणि रोगट झाडाची कलमं तो पुढच्या पिढीत जसाच्या तसा नेतात. असं झाड कितीही लाडकं असलं तरी उपटून टाकावं.

मातीच्या बाबतीत पठारावरच्या बागवानांची अडचण ठरलेली आहे. काळी माती पाणी धरून ठेवते आणि चुनखडीची असते. डेलियाला किंचित आम्ल, भुसभुशीत, निचऱ्याची माती लागते. मी लाल माती, नीट कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट-वाळूचं मिश्रण असे तीन सारखे भाग घेते, त्यात बारा इंची कुंडीला मूठभर बोनमील आणि मूठभर निंबोळी पेंड. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे. जमिनीत लावायचं तर वीतभर उंचीचा गादीवाफा हवाच, आणि दोन रोपांत अडीच ते तीन फूट अंतर. काठी रोप लावण्याच्या आधी रोवायची. नंतर रोवलेली काठी हटकून कंदात घुसते.

पाण्याबद्दल शेतकऱ्यांचा एक शब्द आहे, वापसा. माती ओली आहे पण चिकट नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला तर सुटतो, ती अवस्था. रोप लहान असताना वापसा आल्याशिवाय पाणी घालू नये. कळ्या दिसू लागल्या की उलट, मातीला पूर्ण सुकू देऊ नये. पोकळ खोडाचं झाड आहे, दुपारी एकदा कोमेजलं की पाकळ्यांची वाढ तिथेच अडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फूल मोठं होतं ते आपण काय घालतो त्यापेक्षा काय काढतो यावर.

पहिल्या वर्षी माझ्या झाडाला तेवीस कळ्या आल्या आणि मी एकही खुडली नाही. जीवच झाला नाही. सगळ्या उमलल्या, पुरीएवढ्या. रंग होता, पण ज्यासाठी हा वाण लावला ते रूप नव्हतं. शेजारच्या सोसायटीत काम करणारे एक वयस्कर माळीकाका ते झाड पाहून म्हणाले, “ताई, एका ताटातलं जेवण तेवीस जणांना वाढलंत.” पुढच्या वर्षी त्यांनी समोर उभं राहून मला खुडायला लावलं.

हिशेब असा. झाडाची पानं दिवसाला ठरावीक साखर बनवतात, ती वाटली जाते. रोपाला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. त्यामुळे प्रत्येक पानाच्या बगलेतून फूट निघते. त्यातल्या तीन किंवा चार जोमदार फुटी ठेवायच्या, बाकीच्या काढायच्या. प्रदर्शनात दहा इंची फूल मांडणारे एकच दांडा ठेवतात. घरच्या झाडाला तीन दांडे मला योग्य वाटतात. प्रत्येक दांड्याच्या टोकाला पुढे तीन कळ्या येतात, मधली मोठी आणि दोन्ही बाजूंना एकेक. मधली हरभऱ्याएवढी झाली की बाजूच्या दोन अंगठ्याच्या नखाने अलगद मोडायच्या. इथे बहुतेक लोक थांबतात, आणि म्हणून त्यांचं फूल अर्ध्यावर राहतं. त्या कळीच्या खालच्या दोन-तीन पेरांत जी बगलफूट निघते तीही काढायची. तिने देठ आखूड राहतो आणि वाटा पळवला जातो. सगळ्यात खालची फूट ठेवायची, कारण पहिलं फूल काढल्यावर दुसरा बहर तिच्यावर येतो. मधल्या कळीला काही इजा झाली असेल, कडा काळसर असतील किंवा ती वाकडी वाटत असेल, तर ती काढून बाजूची एक ठेवावी. दोन्ही मोडण्याआधी म्हणूनच दोन दिवस थांबावं.

कळी हरभऱ्याएवढी झाल्यापासून मोठ्या वाणाचं फूल पूर्ण उमलायला तीन ते साडेचार आठवडे लागतात. या काळात मी रोज सकाळी तिच्याकडे जाते. आधी हिरवी गाठ, मग तिच्या टोकाला सुपारीच्या फोडीएवढा काळपट ठिपका, मग एके दिवशी एक पाकळी मागे वळलेली. मागच्या रांगा आधी पसरतात, मधलं अजून मिटलेलंच असतं, आणि त्या मिटलेल्या भागात रंग इतका दाट असतो की काळा वाटतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे डेलिया पाहायला मिळाला तर फुलाच्या मागे वाकून पाहा. देठावर बगलफूट काढल्याचे वाळलेले व्रण असतात, आणि मांडणाऱ्याचे तीन महिने तिथे वाचता येतात.

खताचं थोडक्यात. शेंगदाण्याची पेंड आठवडाभर पाण्यात भिजवून ते पाणी कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करायचं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दर दहा दिवसांनी द्यायचं. कळ्या दिसल्या की पेंड बंद. जास्त नत्राने पानं हिरवीगार होतात, पण देठ मऊ पडतो आणि कंद टिकत नाहीत. त्यानंतर द्राक्षवाले ज्याला शून्य-शून्य-पन्नास म्हणतात ते पोटॅशचं विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. किडींपैकी जांभळ्या डेलियाला सर्वांत जास्त छळतात ते फुलकिडे. ते पाकळी खरवडतात, आणि फिकट फुलावर जो ओरखडा दिसत नाही तो गडद पाकळीवर पांढरा उठून दिसतो. कळी बंद असतानाच निंबोळी अर्क फवारावा, उघडल्यावर काही उपयोग नाही. जानेवारीत पानांवर भुरी येते आणि फेब्रुवारीत पानांच्या पाठीमागे लाल कोळी. खालची जुनी पानं काढून हवा खेळती ठेवली की दोन्हींचा जोर कमी राहतो.

फूल घरात आणायचं असेल तर पूर्ण उमलू द्या. गुलाबाची कळी फुलदाणीत उमलते, डेलियाची उमलत नाही, ती जशी कापली तशीच राहते. पहाटे, झाड पाण्याने भरलेलं असताना कापावं, आणि मागच्या रांगेतल्या पाकळ्या बोटाला ताठ लागताहेत ना ते पाहावं. चार-पाच दिवस टिकतं, थंड खोलीत थोडं जास्त.

मार्चमध्ये झाड पिवळं पडायला लागतं. त्याला ओढूनताणून हिरवं ठेवू नये, कंद भरण्याचे हेच दिवस असतात. पाणी हळूहळू कमी करत न्यायचं, वीतभर खोड ठेवून छाटायचं. त्यानंतर दोन आठवड्यांनी मी कंद खुरप्याने नाही, हाताने उकरते, कारण मानेला धक्का लागला तर सगळं गेलं. माती झटकून, सावलीत तीन-चार दिवस उलटे टांगून पोकळ खोडातलं पाणी निथळू देते, मग बुरशीनाशक भुकटी लावून मातीच्या मडक्यात कोरड्या कोकोपीटमध्ये पुरते. मडकं राहतं जिन्याखाली, पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात. एप्रिल-मे महिन्यांत कोरडं पडून कंद सुरकुततात, म्हणून महिन्यातून एकदा कोकोपीटवर पाण्याचा हलका शिपका. जूनच्या मध्यापासून शिपकाही बंद, मग हवेतला दमटपणाच पुरे होतो. दर आठवड्याला हात घालून चाचपते. मऊ लागलेला कंद लगेच बाहेर काढते, नाहीतर तो शेजाऱ्यांनाही कुजवतो. कापून पाहिलं आणि आत पांढरा भाग शिल्लक असला तर खराब भाग काढून, भुकटी लावून, सुकवून परत ठेवते.

मडक्यात वाणाच्या नावाची पट्टी टाकायची ती शिसपेन्सिलीने लिहून. पेनची शाई जुलैपर्यंत उडून जाते, आणि सगळे कंद मातकट रंगाचे, एकसारखेच दिसतात. गेल्या वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी मडक्यात हात घातला तेव्हा एका मानेवर ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा बोटाला लागला. बाहेर काढून पाहिलं. फिकट गुलाबी होता, टोकाला जांभळट.